व्हिएन्ना ते मार्लवाई : युरोपीय विद्यापीठीय शिक्षण आणि आदिलाबाद जिल्हा

प्रास्ताविक

परदेशी विद्यापीठात शिकायला जाणे हा आपल्याकडे नेहमीच प्रतिष्ठेचा विषय राहिला आहे. कोण गेला, कोठे गेला, कोणती पदवी घेऊन आला याच्या नोंदी चरित्रग्रंथांतून सापडतात. त्या शिक्षणाचा परतल्यावर कोणाला उपयोग झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात विचारला आहे.

आदिलाबादची निवड मुद्दाम केली आहे. पैनगंगेच्या दक्षिणेला असलेला हा जिल्हा डोंगरांचा आणि सागाच्या जंगलांचा. गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू आणि उर्दू या पाच भाषा येथे शेजारी नांदत आल्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात गेले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. २०१६ साली तेलंगण शासनाने उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग केले. या लेखात आदिलाबाद म्हणजे विभाजनापूर्वीचा जिल्हा असे समजावे. शिक्षणात मागे राहिलेल्या अशा जिल्ह्यात युरोपीय विद्यापीठांतील विद्या कशी पोहोचली, तिने काय केले आणि ती का टिकली नाही, हे पाहणे अध्यापकांसाठी उपयुक्त ठरेल.

हैदराबाद संस्थान आणि युरोपची वाट

उत्तर हिंदुस्थानात सर सय्यद अहमद खान यांचा १८६९-७० चा इंग्लंड प्रवास हा मुस्लिम शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यांचे पुत्र सय्यद महमूद यांना शिष्यवृत्ती मिळाली होती व ते केंब्रिजला शिकणार होते, त्या निमित्ताने हा प्रवास घडला. परतल्यावर त्यांनी अलिगढला जे महाविद्यालय उभे केले, त्यामागे केंब्रिजचा नमुना होता. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले व १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. या दोन्ही उदाहरणांत परदेशी शिक्षणाचा शेवट संस्था उभारण्यात झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हैदराबाद संस्थानात ही वाट राजदरबाराच्या आश्रयाने मोकळी झाली. एडिंबरो विद्यापीठाचे डॉक्टर ऑफ सायन्स अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी हैदराबादेत महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया घातला. त्यांच्या कन्या सरोजिनी (पुढे नायडू) १८९५ साली निजामांच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकून त्या १८९८ साली परतल्या. शिष्यवृत्तीवर परदेशी जाणारे बहुतेक विद्यार्थी राजधानीतील सुशिक्षित घराण्यांतील असत. जिल्ह्यांतून, त्यातही आदिलाबादसारख्या दूरच्या भागातून, कोणी त्या वाटेला लागेल अशी परिस्थितीच नव्हती. लंडनला जाण्याआधी मॅट्रिक व्हावे लागते आणि मॅट्रिक होण्याआधी गावात शाळा असावी लागते.

सर सय्यद यांचे नातू रॉस मसूद ऑक्सफर्डला शिकले आणि १९१६ पासून हैदराबादेत सार्वजनिक शिक्षण खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या व अकबर हैदरी यांच्या काळात उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. १९१७ च्या फर्मानानंतर भाषांतर विभाग म्हणजे दारुल तर्जुमा सुरू झाला आणि १९१८ मध्ये विद्यापीठाचे काम सुरू झाले. इतिहास, गणित, कायदा, वैद्यक हे सारे विषय उर्दूतून शिकवण्याचा तो प्रयोग होता. आधुनिक विद्या भारतीय भाषेतून शिकवता येते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. ही उस्मानियाची मोठी देणगी मान्य केलीच पाहिजे.

उस्मानियाचे पदवीधर आणि जर्मनी

उर्दूतून शिकलेले विद्यार्थी युरोपात टिकतील का, अशी शंका घेतली जात असे. तिला दोन उदाहरणांनी उत्तर दिले. १९०८ साली हैदराबादेत जन्मलेले रजीउद्दीन सिद्दीकी उस्मानियातून केंब्रिजला आणि तेथून लाइपझिगला गेले. तेथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी जन्मलेल्या मुहम्मद हमीदुल्लाह यांनी उस्मानियात कायद्याचे शिक्षण घेऊन बॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली व १९३५ मध्ये पॅरिसच्या सॉर्बोनची. इस्लामी आंतरराष्ट्रीय कायदा हा त्यांचा विषय. दोघांनीही परत येऊन उस्मानियात अध्यापन केले.

तिसरे उदाहरण जन्माने हैदराबादचे, परंतु शिक्षणाने इटावा व अलिगढचे. झाकिर हुसेन यांनी बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ मध्ये ते जामिया मिल्लिया इस्लामियात परतले. त्यांच्या सोबत आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हेही जर्मनीहून आले. जामियाची आर्थिक स्थिती तेव्हा अतिशय नाजूक होती. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, हस्तव्यवसायाची जोड आणि मातृभाषेचे माध्यम ही त्या योजनेची सूत्रे होती. बर्लिनच्या अर्थशास्त्राच्या डॉक्टरने खेड्यातील मुलाच्या तकलीचा विचार करावा, ही घटना साधी नाही.

वर्धा आणि आदिलाबाद यांच्यामध्ये यवतमाळ जिल्हा आणि पैनगंगा एवढेच अंतर आहे. परंतु त्या नदीने दोन राज्ये वेगळी केली होती. वर्ध्याची योजना संस्थानाच्या जंगलात पोहोचली नाही. आदिलाबादेत मातृभाषेची शाळा आली ती दुसऱ्याच वाटेने, आणि ती आणणारा विद्वान दुसऱ्याच विद्यापीठाचा होता.

व्हिएन्नाचा विद्यार्थी

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्नात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले. रॉबर्ट हाइने-गेल्डर्न आणि विल्हेल्म कॉपर्स हे त्यांचे अध्यापक. १९३१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता आसाम व वायव्य ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींची समाजरचना. ज्या लोकांविषयी हा प्रबंध लिहिला गेला, त्यांना लेखकाने तोवर पाहिलेही नव्हते. ग्रंथालयातील प्रवासवर्णने आणि अहवाल यांच्या तुलनेतून सिद्धांत मांडण्याची व्हिएन्नाची पद्धत तेव्हा रूढ होती.

त्यानंतर ते शिष्यवृत्तीवर लंडनला गेले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मालिनोव्स्की यांच्या चर्चासत्रात बसू लागले. तेथील शिकवण वेगळी होती. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यात राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या व्यवहाराचा अर्थ त्यांच्याच जीवनातून लावावा, हा मालिनोव्स्कींचा आग्रह. १९३६-३७ मध्ये हायमेंडॉर्फ नागा टेकड्यांत राहिले ते या शिकवणीनुसार. युरोपमध्येही एका देशातून दुसऱ्या देशात शिकायला गेल्याने अभ्यासकाची दृष्टी कशी बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. पहिल्या विद्यापीठाने त्यांना वाचायला शिकवले आणि दुसऱ्याने ऐकायला.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ऑस्ट्रियन नागरिकांच्या हाती जर्मन पासपोर्ट आला. १९३९ मध्ये हायमेंडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा हिंदुस्थानात आले, तोच महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची परवानगी मिळाली, परंतु हद्दीबाहेर जाण्यास बंदी आली. अशा रीतीने एका अटकावामुळे व्हिएन्ना व लंडनचा हा विद्वान संस्थानातील चेंचू, रेड्डी आणि गोंड यांच्यात जाऊन राहिला.

मार्लवाईची शाळा

तो काळ आदिलाबादच्या गोंडांसाठी फार कठीण होता. जंगले राखीव केली जात होती, पोडू शेतीवर बंदी येत होती, वहिवाटीच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावे लागत होत्या. १९४० मध्ये कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली जोडेघाट परिसरात गोंडांचा उठाव झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. असंतोषाची कारणे समजून घेण्याची गरज निजाम सरकारला त्यानंतर भासू लागली. हायमेंडॉर्फ दांपत्य उटनूर भागातील मार्लवाई या गोंड गावात राहू लागले. त्यांचे अहवाल १९४५ मध्ये ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ मध्ये.

अहवालांतून एक बाब ठळकपणे पुढे आली. गोंडाची जमीन कायद्याने जितकी गेली, तितकीच कागदाने गेली. महसूल आणि जंगल खात्याचे कागद, न्यायालयाचे समन्स, कर्जाचे दस्त हे सारे त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत होते. राज्याची भाषा उर्दू. बाजाराची भाषा काही भागांत मराठी, काही भागांत तेलुगू. घरात गोंडी. ज्या कागदावर अंगठा उठवायचा तो काय सांगतो, हे त्याला दुसऱ्यानेच सांगायचे.

या निष्कर्षातून १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना आकाराला आली व मार्लवाईला शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. योजनेची पहिलीच अडचण मूलभूत होती. गोंड मुलांना गोंडीतून शिकवायचे, तर गोंड शिक्षक हवेत. तसे शिक्षक म्हणून लगेच नेमता येतील इतके शिकलेले गोंड जिल्ह्यात नव्हते. तेव्हा थोडेफार मराठी वाचता येणाऱ्या काही गोंड तरुणांना निवडून, त्यांनाच आधी शिकवून शिक्षक करण्याचे ठरले. गोंडी भाषेतील प्रवेशिका आणि वाचनपुस्तके तयार झाली. त्यांच्यासाठी लिपी निवडली गेली देवनागरी, कारण या भागातील गोंडांना परिचित असलेली लिहिण्याची रीत ही मराठीची होती. मूल आधी गोंडीत वाचायला शिके, नंतर राज्यकारभाराच्या उर्दूकडे जाई. तयार झालेले शिक्षक आसपासच्या गावांत शाळा चालवू लागले. प्रशिक्षित तरुणांपैकी काहींना गावपातळीवरील सरकारी कामेही मिळाली.

शाळा आणि जमीन या गोष्टी योजनेत वेगळ्या नव्हत्या. गोंड व कोलाम कुटुंबांना पट्टे देण्याचे काम त्याच काळात सुरू झाले आणि आदिवासी क्षेत्रांसाठी १३५६ फसलीचा म्हणजे १९४६ चा विनियम आला. पट्टा हाती आला तरी तो वाचता आला नाही, तर फार दिवस राहत नाही. पट्ट्याला शाळेचा आधार लागतो आणि पोटाची चिंता मिटल्याशिवाय शाळा चालत नाही, ही जाणीव या योजनेत दिसते.

येथे उस्मानियाच्या प्रयोगाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. विद्या लोकांच्या भाषेतून द्यावी हे तत्त्व उस्मानियाने स्वीकारले, परंतु ती भाषा उर्दू ठरवली. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती आणि डोंगरात गोंडी, कोलामी. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागणारी भाषा होती. उस्मानियाचे तत्त्व त्याच्या तार्किक शेवटापर्यंत नेले तर ते मार्लवाईच्या शाळेशी पोहोचते. हायमेंडॉर्फ १९४५ ते १९४९ या काळात निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार आणि उस्मानियात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यामुळे हे दोन्ही प्रयोग काही वर्षे एकाच व्यक्तीच्या कामात एकत्र आले.

एकच वर्ष, दोन उत्तरे

युरोपीय विद्यापीठात शिकलेले सर्वच विद्वान एका निष्कर्षाला आले, असे मात्र नाही. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला शिकून १९२२ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया त्यांनी घातला. आदिवासींविषयीचा त्यांचा गाजलेला ग्रंथ पुण्याच्या गोखले संस्थेकडून १९४३ मध्ये, म्हणजे मार्लवाई केंद्राच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. आदिवासी हे वेगळे नसून हिंदू समाजाचा मागे राहिलेला भाग आहेत आणि त्यांचे भवितव्य त्या समाजात मिसळण्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑक्सफर्डचे व्हेरिअर एल्विन मंडल्याच्या गोंड व बैगांमध्ये राहून याच्या उलट बाजूने लिहीत होते. इरावती कर्वे १९३० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्राच्या समाजरचनेचा अभ्यास केला.

केंब्रिज, ऑक्सफर्ड, बर्लिन, व्हिएन्ना या चार विद्यापीठांतून चार दृष्टी आल्या. यावरून एवढे म्हणता येईल की परदेशी विद्यापीठ तयार उत्तर देत नाही. ते अभ्यासाची साधने देते. ती साधने कोणाच्या प्रश्नाला लावायची, हे परतणाऱ्याने ठरवायचे असते. हायमेंडॉर्फ यांच्या भूमिकेवरही टीका होऊ शकते. ज्या सरकारच्या जंगलधोरणाने गोंडांचे नुकसान केले, त्याच सरकारचे ते सल्लागार होते. योजना वरून आली होती. तिचा आधार एका व्यक्तीच्या अधिकारावर होता आणि पुढे तीच तिची दुर्बळता ठरली.

सेतुमाधवराव पगडी यांचे कार्य

या इतिहासात मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे नाव सेतुमाधवराव पगडी यांचे आहे. १९१० साली निलंगा येथे जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेत आदिवासींसाठीचे अधिकारी म्हणून काम करताना ते गोंडी शिकले. १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणेही त्यांनी लिहिली. मराठी वाचक पगडींना शिवकालाचे इतिहासकार, फारसी साधनांचे जाणकार आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून ओळखतो. कोलामांच्या पोडावर बसून व्याकरण लिहिणारा अधिकारी मात्र बराचसा विस्मरणात गेला आहे.

मालिनोव्स्कींची पद्धत लंडनच्या चर्चासत्रातच शिकता येते असे नाही, हे पगडींच्या कार्यावरून दिसते. लोकांची भाषा शिकण्याची तयारी असेल, तर तालुक्याच्या कचेरीतूनही तितकाच मोलाचा अभ्यास होऊ शकतो.

१९५६ नंतर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. उस्मानियातील उर्दू माध्यम संपून इंग्रजी आले. हायमेंडॉर्फ १९४९ मध्ये लंडनला गेले आणि स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत १९५१ पासून प्राध्यापक झाले. १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले व शाळांतून तेलुगू माध्यम स्थिरावले. देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. जुने गोंड शिक्षक ज्या भाषेत तयार झाले होते, तिचा शाळेत उपयोग उरला नाही. सीमेपलीकडे गेलेल्या किनवट व राजुऱ्यातील गोंड मुलांना मराठी माध्यम मिळाले, अलीकडच्यांना तेलुगू. घरची गोंडी दोन्हीकडे वर्गाबाहेर राहिली.

निवृत्तीनंतर १९७६ पासून हायमेंडॉर्फ पुन्हा आदिलाबादेत येऊ लागले. दिलेल्या जमिनींपैकी पुष्कळशा पुन्हा हातातून गेल्याचे त्यांना दिसले. मायकेल यॉर्क आणि जयप्रकाश राव यांच्या सहभागाने लिहिलेल्या ‘ट्राइब्स ऑफ इंडिया : द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल’ (१९८२) या ग्रंथात त्याचा हिशेब आहे. त्याआधी एक वर्ष, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीला गोंडांवर गोळीबार झाला होता. १९४० चे प्रश्न सुटले नव्हते, याची ती खूण होती.

बेटी हायमेंडॉर्फ यांचे १९८७ मध्ये निधन झाले आणि त्यांचे दफन मार्लवाईला करण्यात आले. हायमेंडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थी २०१२ मध्ये मार्लवाईला आणून पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आल्या. गोंड समाज तेथे दरवर्षी त्यांचे स्मरण करतो. मात्र त्यांनी काढलेल्या छायाचित्रांचा मोठा संग्रह लंडनच्या संस्थेत आहे. आदिलाबादच्या गोंडांचा लिखित व चित्रित इतिहास पाहायचा, तर आदिलाबादच्या तरुणाला लंडनच्या ग्रंथालयाकडे वळावे लागते.

या चित्रात २००६ नंतर एक भर पडली. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली. २०१८ मध्ये या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ज्या भाषेसाठी १९४३ मध्ये मराठीची लिपी घ्यावी लागली, त्या भाषेची स्वतःची लिपी त्याच जिल्ह्यातील एका गावात जपलेली होती.

अध्यापकांसाठी काही निष्कर्ष

पहिला निष्कर्ष असा की, परदेशी शिक्षणाची खरी अडचण परदेशात नसून गावच्या प्राथमिक शाळेत असते. निजामांची शिष्यवृत्ती असतानाही आदिलाबादचा गोंड तिच्यापर्यंत पोहोचला नाही, कारण त्याच्या भाषेत पहिली पाटीच नव्हती. आज वाट कागदावर तरी अधिक रुंद आहे. तेलंगण शासनाने २०१५ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली आणि नंतर तिची रक्कम २० लाख रुपयांपर्यंत वाढवली. केंद्र शासनाच्या अनुसूचित जमातींसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीत वर्षाला २० जागा ठेवलेल्या असून त्यांपैकी ३ विशेष असुरक्षित जमातींसाठी आहेत. आदिलाबादचे कोलाम आणि थोटी त्याच वर्गात येतात. त्या ३ जागांसाठी कोलाम पदवीधर उभा राहील का, याचे उत्तर दिल्लीत ठरत नाही, ते उटनूर आणि जैनूरच्या महाविद्यालयांत ठरते.

दुसरा निष्कर्ष भाषेचा. झाकिर हुसेन बर्लिनहून आले, हायमेंडॉर्फ व्हिएन्ना-लंडनहून. एकमेकांशी संबंध नसताना दोघेही मुलाच्या पहिल्या शिक्षणाची भाषा घरची असावी, याच निर्णयाला आले. आपल्या संस्थांत उर्दू, मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. उर्दूसाठी आपण जो न्याय मागतो, तोच गोंडी बोलणाऱ्या मुलासाठीही मागितला पाहिजे. उस्मानियाच्या वारशावर हक्क सांगायचा तर ही जबाबदारीही आपल्याकडेच येते.

तिसरा निष्कर्ष संशोधनाचा. लंडनमधील संग्रह, पगडींची व्याकरणे, गुंजाळाची हस्तलिखिते आणि वृद्ध परधानांच्या मुखातील कथा यांचा एकत्रित अभ्यास अजून व्हायचा आहे. तो करणाऱ्याला इंग्रजी, मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोंडी या पाचही भाषा लागतील. युरोपातील विद्यापीठात असा अभ्यासक घडवणे अवघड आहे. आदिलाबादच्या मुलाला मात्र यांतील तीन-चार भाषा बाजारात आणि अंगणातच मिळतात. त्याला आणखी हवे आहे ते अभ्यासाचे वळण. ते वळण देऊन त्याला पुढच्या शिक्षणासाठी लंडनला किंवा बर्लिनला पाठवले, तर १९३१ चा व्हिएन्नाचा विद्यार्थी जे करू शकला नाही ते तो करू शकेल. स्वतः पाहिलेल्या, स्वतःच्या माणसांवर तो प्रबंध लिहील.